चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील सिकलसेल आजार

सिकलसेल आजार हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक विकार आहे. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत तो सार्वजनिक आरोग्याचा एक प्रमुख प्रश्न मानला जातो. या विकारात तांबड्या रक्तपेशी प्राणवायू कमी झाल्यावर विळ्यासारख्या वाकतात; त्यावरूनच त्याला हे नाव पडले. माडिया गोंड, राजगोंड, परधान, कोलाम, हलबी इत्यादी आदिवासी समाजांत, तसेच बौद्ध (पूर्वाश्रमीचा महार) समाजात आणि काही इतर मागासवर्गीय जातींत या विकाराचे जनुक आढळते. जनुकसंपादनावर आधारलेल्या औषधाला जगात सर्वप्रथम मान्यता मिळाली ती याच आजारावर. त्यामुळे आधुनिक जैवतंत्रज्ञानातील अत्यंत महागडा उपचार आणि भामरागड, एटापल्ली किंवा जिवती तालुक्यातील उपकेंद्रात मिळणारी साधी गोळी, या दोन्हींची चर्चा एकाच आजाराच्या संदर्भात केली जाते.

जनुकातील बदल

मानवी अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारे जनुक असते. या जनुकात एका ठिकाणी अॅडेनिन या घटकाची जागा थायमिनने घेतली की साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एका अक्षराच्या या फरकाने तयार होणाऱ्या हिमोग्लोबिनला ‘एस’ असे म्हणतात. प्राणवायू सोडल्यानंतर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि पेशी ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते.

आई आणि वडील या दोघांकडूनही ‘एस’ जनुक मिळाल्यास व्यक्ती रुग्ण ठरते. एकाकडूनच मिळाल्यास ती वाहक असते. विदर्भातील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात या दोन अवस्थांना अनुक्रमे ‘एसएस पॅटर्न’ व ‘एएस पॅटर्न’ म्हणतात आणि रुग्णांच्या कुटुंबांतही हेच शब्द रुळले आहेत. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही व औषधाची गरज पडत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘चार मुलांपैकी एकाला’ असा या आकड्याचा अर्थ अनेकदा लावला जातो. तो चुकीचा आहे, कारण प्रत्येक गर्भधारणेत शक्यता नव्याने तेवढीच राहते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित होत नाहीत.

सिकलसेल आजाराला वैद्यकाच्या इतिहासात वेगळे स्थान आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे दाखवले. आजाराचे मूळ एका विशिष्ट रेणूतील दोषात असल्याचे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमके कोणते अमिनो आम्ल बदलते ते शोधून काढले. म्हणजे कारण कळून पाऊणशे वर्षे झाली. तरीही कारणावरच घाव घालणारा उपचार यायला २०२३ साल उजाडले. रुग्णांचा मोठा भाग आफ्रिकी वंशाच्या आणि गरीब समाजांतील असल्याने संशोधनाचा पैसा या आजाराकडे उशिरा वळला, ही टीका वैद्यकीय वर्तुळातही मान्य आहे.

मलेरियाशी संबंध

इतके घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे, याचे उत्तर अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियापासून वाहकांना बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. त्यामुळे मलेरियाग्रस्त प्रदेशात वाहकांची मुले अधिक जगली आणि जनुकही टिकले. राज्यातील मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दीर्घकाळ सर्वाधिक राहिला आहे. जंगलाच्या या पट्ट्यात ‘एस’ जनुकाचे प्रमाण जास्त असणे या मांडणीशी जुळते. मात्र हे संरक्षण केवळ वाहकांपुरते असते. एसएस रुग्णाला मलेरिया झाल्यास तो अधिक धोक्याचा ठरतो. गावपातळीवरच्या प्रबोधनात हा भेद पुष्कळदा निसटतो.

भारतातील ‘एस’ जनुकाभोवतीची गुणसूत्ररचना आफ्रिकेतील चार प्रमुख प्रकारांहून वेगळी आहे. तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. त्यावरून हा बदल भारत-अरबस्तान भागात स्वतंत्रपणे घडला असावा, असे मत १९८० च्या दशकापासून प्रचलित आहे. संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनावर आधारलेल्या २०१८ च्या एका अभ्यासाने मात्र सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच झालेल्या उगमाचा पक्ष मांडला. भारतीय शाखेबाबतचा वाद अद्याप संपलेला नाही.

विदर्भातील अभ्यास

भारतात हे जनुक प्रथम १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत लेहमन व कटबुश यांना आढळले. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा नागपूरचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातून हा विकार केवळ आदिवासींपुरता मर्यादित नसल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातील आदिवासी भागांतील सर्वेक्षणांना पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके दिली. त्यासाठी २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांतच तेथे आलेल्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सुरुवातीच्या अभ्यासांत सिकलसेलचा समावेश होता. जनुकाचे मोठे प्रमाण त्यातून पुढे आले, पण निदानानंतर देण्याजोगा उपचार त्या वेळी जवळपास नव्हताच. ज्या आजारावर औषध नाही तो शोधून लोकांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न तेव्हापासून या भागातील आरोग्यकार्यात विचारला जातो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईस्थित राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्थेने हिमोग्लोबिन विकारांचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण यांसाठी चंद्रपूर येथे स्वतंत्र केंद्र उभारले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ते राष्ट्राला समर्पित केले. या विषयाचे केंद्र महानगराऐवजी रुग्णांच्या जिल्ह्यात असणे ही दुर्मीळ बाब आहे.

आजाराचे स्वरूप

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात मुख्यतः गर्भ हिमोग्लोबिन असते. या हिमोग्लोबिनवर दोषाचा परिणाम होत नाही. म्हणून पहिले काही महिने मूल निरोगी दिसते. सहा महिन्यांच्या सुमारास प्रौढ हिमोग्लोबिनने जागा घेतली की हातापायांच्या बोटांवर सूज, फिकटपणा, कावीळ, वारंवार ताप आणि पोटात वाढलेली प्लीहा अशी लक्षणे दिसू लागतात. हाडांत व सांध्यांत उठणारी असह्य कळ हे या आजाराचे मुख्य लक्षण होय. जंतुसंसर्ग, थंडी, अतिश्रम आणि शरीरातील पाण्याची कमतरता ही तिची नेहमीची निमित्ते आहेत. मे महिन्याच्या उन्हातील तेंदूपत्ता तोडणी आणि पावसाळ्यात चिखलपाण्यात उभे राहून करायची धानाची रोवणी ही या भागाच्या उत्पन्नाची दोन मोठी कामे आहेत. रुग्णाने जे टाळावे तेच त्यांत करावे लागते. रुग्ण कामाला गेला तर दुखणे ओढवण्याची भीती आणि न गेला तर मजुरी बुडते.

अरब-भारतीय प्रकारात गर्भ हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने जास्त असल्याने भारतातील आजार सौम्य असतो, असा समज बराच काळ होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व मुंबईच्या संस्थेतील संशोधकांनी विदर्भातील बालरुग्णांचा पाठपुरावा केला. तेव्हा तीव्र वेदना, गंभीर रक्तक्षय व रुग्णालयात वारंवार दाखल व्हावे लागणे असे चित्र समोर आले. एकाच जनुकाच्या या आजारात दोन भावंडांचाही अनुभव फार वेगळा असू शकतो. एकाला वर्षातून चार वेळा रुग्णालय गाठावे लागते, तर दुसऱ्याचे निदान विशीत योगायोगाने होते. गर्भ हिमोग्लोबिनची पातळी आणि अल्फा थॅलेसेमियाचे सहअस्तित्व ही या फरकाची माहीत असलेली दोन कारणे आहेत.

निदान व प्रचलित उपचार

पहिली तपासणी सोल्युबिलिटी चाचणीने होते. आशा स्वयंसेविका व उपकेंद्राचे कर्मचारी गावातच बोटातून रक्ताचे थेंब घेऊन ती करतात. या चाचणीतून ‘एस’ हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील चाचणी लागते. पहिल्या चाचणीनंतर दुसरीचा अहवाल न आल्याने वाहक स्वतःला रुग्ण समजतो किंवा रुग्ण स्वतःला वाहक समजून निर्धास्त राहतो, अशी उदाहरणे आरोग्य कार्यकर्त्यांना परिचित आहेत.

हायड्रॉक्सियुरिया हे या आजारावरील मुख्य औषध आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली. हे औषध गर्भ हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. नागपूरच्या डॉक्टरांनी तीव्र आजार असलेल्या मुलांवर दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १० मिलिग्रॅम या ठरावीक कमी मात्रेची पद्धत तपासली आणि २०१२ मध्ये तिचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमी मात्रेमुळे रक्तपेशींची तपासणी वारंवार करावी लागत नाही. ग्रामीण रुग्णालयापासून पन्नास-साठ किलोमीटर दूर राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्रेच्या शास्त्रीय चर्चेपेक्षा ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. औषध बहुधा ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये येत असल्याने लहान मुलांना अचूक मात्रा देणे अवघड जाते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा काळासाठी औषधाचा साठा आधीच घरी असावा लागतो. रोज घ्यायचे औषध काही दिवस चुकले तरी त्याचा लाभ कमी होऊ लागतो.

फॉलिक आम्ल, बालवयात पेनिसिलिन, न्यूमोकोकल लस, गरजेनुसार रक्त देणे हे उपचाराचे इतर भाग आहेत. भावंडाशी अस्थिमज्जा जुळल्यास प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. पण सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता एक चतुर्थांशच असते. नव्या औषधांपैकी व्होक्सेलोटर हे औषध सुरक्षिततेच्या शंकांमुळे सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादक कंपनीने जगभरातून मागे घेतले.

जनुकोपचार

व्हिजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन व इतरांनी २००८ मध्ये दाखवले की ‘बीसीएल११ए’ हे जनुक गर्भ हिमोग्लोबिनची निर्मिती दाबून ठेवते. हा दाब काढला तर मोठ्या माणसाच्या रक्तातही ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ शकते. डीएनए नेमक्या जागी कापणारे क्रिस्पर तंत्र हाताशी आल्यावर या कल्पनेला साधन मिळाले. या तंत्रासाठी इमान्युएल शार्पेंटिए व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या तंत्रावर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. मूळ दोष येथे दुरुस्त केला जात नाही, तर त्याला वळसा घातला जातो. अमेरिकी औषध प्रशासनापुढे आलेल्या चाचणीत पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

हा उपचार इंजेक्शनसारखा सोपा नाही. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल केला जातो. मग बुसल्फान या तीव्र औषधाने रुग्णाची जुनी अस्थिमज्जा नष्ट करून बदललेल्या पेशी परत सोडल्या जातात. त्यासाठी अनेक आठवडे निर्जंतुक कक्षात राहावे लागते आणि वंध्यत्वाचा धोका असतो. अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. त्याच दिवशी मान्यता मिळालेल्या ‘लिफजेनिया’ या दुसऱ्या जनुकोपचाराची किंमत ३१ लाख डॉलर आहे.

भारतात दिल्लीच्या जनुकशास्त्र व समवेत जीवशास्त्र संस्थेतील डॉ. देबज्योती चक्रवर्ती, डॉ. सौविक मैती व सहकारी क्रिस्परच्या वेगळ्या एन्झाइमवर आधारित उपचार विकसित करत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी ‘बिरसा १०१’ या नावाने त्याची घोषणा केली. उत्पादन व पुढील विकासासाठी हे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला. परदेशी उपचाराच्या तुलनेत अत्यल्प खर्च हा त्याचा घोषित हेतू आहे. मात्र खर्चाचा मोठा भाग कापणाऱ्या एन्झाइमवर होत नाही. पेशी काढणे, निर्जंतुक कक्ष, महिनाभराची शुश्रूषा आणि नंतरचा दीर्घ पाठपुरावा यांवर तो होतो. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात हे सर्व उभारणे तंत्रज्ञान स्वस्त झाले तरी वेगळे काम राहील.

आजारी व्यक्तीच्या रक्तपेशींत केलेला बदल पुढच्या पिढीत जात नाही. २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी भ्रूणातच बदल करून मुले जन्माला आणल्यावर जगभर निषेध झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात बीजपेशींवरील असा उपचार प्रतिबंधित आहे.

‘निर्मूलन’ आणि विवाह

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी व्हावी, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्यांना जनुकीय स्थिती दर्शवणारे कार्ड मिळते. दोन वाहकांचा विवाह होऊ नये, हा त्यामागील मुख्य उद्देश आहे.

या धोरणाचे गणित बारकाईने पाहण्याजोगे आहे. समजा, एखाद्या समाजात दर पाच जणांत एक वाहक आहे. विवाह निव्वळ योगायोगाने जुळत असतील, तर दोघेही वाहक असलेली जोडपी शंभरांत चार असतील. ती टळली तर नवे रुग्ण जवळजवळ जन्मणार नाहीत. पण वाहकाचा बिगरवाहकाशी विवाह झाला की निम्मी अपत्ये पुन्हा वाहक होतात. म्हणजे आजार घटतो आणि जनुक तसेच राहते. त्यामुळे ‘निर्मूलन’ हा शब्द आजारी मुलांच्या जन्मापुरताच खरा आहे. तपासणी व समुपदेशन एका पिढीत सैल झाले तर पुढच्या पिढीत रुग्ण पुन्हा दिसू लागतील.

प्रत्यक्षात विवाह योगायोगाने जुळत नाहीत. गोंड समाजात चार, पाच, सहा, सात असे देवांचे गट आहेत आणि एकाच देवगटात लग्न होत नाही. दुसरीकडे मामे-आते भावंडांतील विवाहाला मान्यता आहे. आधीच आखलेल्या या चौकटीत कार्डाने आणखी एक अट घातली. लहान, विखुरलेल्या गावांत तिची झळ अधिक बसते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे समजावले गेले नाही तर कार्ड म्हणजे दोषाचा शिक्का ठरतो. तो बहुधा मुलीच्या वाट्याला जड जातो, कारण तिच्या स्थळाची चौकशी अधिक कसून होते. कार्ड न दाखवता लग्न उरकण्याचा कल यातूनच निर्माण होतो आणि अभियानाचा हेतूच निष्फळ होतो. समुपदेशनावर भर देणाऱ्यांच्या मते चाचणी विवाहाच्या तोंडावर न करता शाळेच्या वयात करावी आणि निर्णय जोडप्यावर सोपवावा.

गर्भजल किंवा नाळेच्या पेशींवरून गर्भाचे निदान शक्य आहे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यातही हिमोग्लोबिन विकारांसाठी अशा चाचणीची तरतूद आहे. मात्र ही सोय महानगरांत एकवटलेली आहे. गर्भवती वेळेत पोहोचलीच नाही तर हा पर्याय केवळ कागदावर राहतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सिकलसेल आजाराचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला. मात्र सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणात रक्तविकार येत नाहीत. शिवाय लाभासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. वेदना येते-जाते आणि मधल्या दिवसांत रुग्ण धडधाकट दिसतो. असा आजार टक्केवारीत मोजणे वैद्यकीय मंडळांनाही कठीण जाते.

रक्तनमुने व संमती

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ लोकसमूहांतील सुमारे १० हजार व्यक्तींच्या जनुकसंचांचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. आदिवासी समूहांचे नमुने शास्त्रीयदृष्ट्या मोलाचे आहेत, कारण जगातील बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे आणि तिच्यावर बेतलेली औषधे इतरांना तशीच लागू पडतील याची खात्री नसते. अरब-भारतीय प्रकार हे याचे घरचे उदाहरण आहे.

त्याच वेळी जुन्या तक्रारीही पुढे येतात. अमेरिकेतील हवासुपाई जमातीचे रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले गेले व पुढे इतर संशोधनासाठी वापरले गेले. अॅरिझोना राज्य विद्यापीठाला २०१० मध्ये तडजोड करून भरपाई द्यावी लागली आणि नमुने परत करावे लागले. भारतात २०१७ च्या संशोधन नीतितत्त्वांनुसार व्यक्तीची लेखी संमती आवश्यक आहे. तसेच आदिवासी भागात समाजाच्या प्रतिनिधींशी बोलून परवानगी घेणे अपेक्षित आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात जनुकीय माहितीसाठी मात्र वेगळा वर्ग नाही.

गडचिरोलीत या प्रश्नाला स्थानिक पार्श्वभूमी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेव्हापासून जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभा तेंदूपत्ता व बांबूविषयीचे निर्णय स्वतः घेतात आणि लिलाव करतात. वनोपजावर गावाचा हक्क मानणाऱ्या या व्यवस्थेत गावातून गेलेल्या रक्तनमुन्यांबाबत ग्रामसभेला काही अधिकार आहे का, यावर पेसा कायदा आणि वनहक्क कायदा दोन्ही मौन आहेत. सिकलसेलच्या तपासणी शिबिरांत घेतलेले रक्त उपचारासाठीचे असते. पुढे संशोधनासाठी ते ठेवायचे असेल तर त्याची संमती वेगळी घ्यावी लागते. ती माडिया किंवा गोंडी भाषेत समजावून घेतली जाते की मराठीतील छापील अर्जावर अंगठा उमटवून, हे त्या त्या शिबिरातील कर्मचाऱ्यांवर अवलंबून असते.